बॅटरीवरची सुरंगी

टप्.

दुपारच्या सामसुमीत स्वयंपाकघरात तेवढाच आवाज. चुलीवर किटली, तिच्या चोचीला काचेची नळी, नळीभोवती ओलं फडकं, आणि खाली बाटलीत पडणारा वाफेच्या पाण्याचा एकेक थेंब. चिमा शेजारी चटईवर पडली होती. मला वाटलं, झोपली.

"आई, हे पाणी कुणाला?"

"मोटारीच्या बॅटरीला. बाबा गॅरेजात नेतात ना, ते."

"मग विहिरीचं का नाय घालत? ते तर पुष्कळ आहे."

पाच वर्षांच्या पोरीनं नेमकं तिथंच बोट ठेवावं... मी फडकं पुन्हा भिजवलं आणि तिला सगळं सांगितलं. थोडं गाळून.

तेव्हा आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, भाड्याची मोटार होती. मांडवी बंदराला आगबोट लागली की उतारू घ्यायचे आणि लांज्यापर्यंत पोचवायचे. एके सकाळी मी विहिरीवरून कळशी घेऊन आले, तर मोटार अंगणातच अडलेली, दार उघडं, आणि दारातून दोन पाय बाहेर. ड्रायव्हरच्या पायाखालची फळी उचलून कुणीतरी आत डोकं घातलं होतं.

"आबा, पाना द्या," पाय म्हणाले.

आबा कुठं दिसेनात, त्यांचा क्लीनर लवूही नाही. मी कळशी ठेवली, एक पाना दिला.

"हा नव्हे, धाकटा."

धाकटा दिला. तो घेणारा हात जरा थांबला. "आज हात गार पडलेत आबांचे..."

मी हात मागं घेतला, तोवर डोकं बाहेर आलं होतं. गालाला काळं, कपाळाला काळं, आणि मधोमध हसू. गॅरेजातले नवे मिस्त्री. नाव तेव्हा घेता येत होतं, मी घेतलं नाही. आता घेता येत नाही. म्हणून इथंही आपले मिस्त्रीच.

त्यांनी त्या दिवशी नवी बॅटरी बसवली. आबांना जवळचं नीट दिसत नसे, म्हणून पुढची देखभाल माझ्याकडे आली.

"ही तीन बुचं," मिस्त्री म्हणाले. "पंधरा दिवसांनी उघडून बघायचं. आतले पत्रे पाण्यात बुडालेले दिसले पाहिजेत. कमी झालं की या बाटलीतलं घाला. विहिरीचं नको."

"का? आमच्या विहिरीचं पाणी अख्खी वाडी नेते."

"माणसांना चांगलंच आहे. पण जांभ्यातून झिरपतं, लोखंड उतरतं त्यात. बॅटरी बसेल."

"आणि बसली तर?"

"तर... मला यावं लागेल." आणि त्यांनी घट्ट असलेलंच बूच पुन्हा घट्ट केलं.

बाटली शिमग्याला संपली. दुसरी आणायला निघाले, तर येसूआत्या उंबऱ्यात आडवी. "मिस्त्र्याच्या दारात पोरीबाळींचं काय काम गो? बस घरात."

मी घरात बसले. पत्रे कोरडे पडायला लागले, तेव्हा कळशीतलं पाणी घातलं. मग पुन्हा एकदा. मग पुन्हा.

चैत्रात बॅटरी बसली. हँडल मारमारून आबांचा खांदा धरला. वर शनिवारी लांज्याला नवरदेव पोचवायची सुपारी घेतलेली. मिस्त्री आले, फळी उचलली, काचेच्या नळीत आतलं पाणी ओढून उजेडात धरलं. बिनदुधाच्या चहासारखा रंग. त्यांनी नळीकडे बघितलं. मग दारात उभ्या माझ्याकडे... एकदाच.

"काय झालं रे?" आबांनी विचारलं.

"माल खराब निघाला, आबा. निवडली मी होती. चूक माझी."

बॅटरीच्या माथ्यावरून काहीतरी उचलून त्यांनी खिशात टाकलं. माझा हात आपसूक वेणीकडे गेला. परवा बुचं उघडायला वाकले होते, तेव्हाच वेणीतला सुरंगीच्या फुलांचा वळेसर गळून पडला असणार.

आबांचा राग बंदरापासून बाजारापर्यंत पोचला. चौथ्या दिवशी आत्यानंच बातमी आणली. "काढलान त्याला कामावरनं. शनवारच्या आगबोटीनं मुंबईला जातोय म्हणे." मी तांदूळ निवडत होते. खडे सुपात तसेच राहिले.

शुक्रवारी मिस्त्री शेवटचं काम म्हणून हातगाडीवर दोन बॅटऱ्या घेऊन आले. दोन्ही भरलेल्या, चार्ज केलेल्या. एक अकरा पत्र्यांची, एक तेरा.

"तेराची बसव," आबा म्हणाले. "दमदार असेल."

"दमदार आहे, पण उंच आहे. या खणात वरची फळी तिला टेकेल. खड्ड्यात आदळली की तार घासून ठिणगी उडेल. अकराचीच घ्या, आबा."

"मागची पण तूच निवडली होतीस ना? आता तुझं ऐकायचं नाय."

मिस्त्र्यांनी हातगाडीची दोरी सोडली. काय बोलणार? चूक माझी म्हणून आधीच सांगून बसलेले. ते तेराची उचलायला वाकले, आणि मला त्या मोटारीत बसलेला नवरदेव दिसला... आणि आगबोट दिसली.

"आबा, मागची चांगली होती. मी विहिरीचं पाणी घातलं."

पदराचं टोक माझ्या मुठीत ओलं झालं होतं.

"कधीपासून?"

"शिमग्यापासून."

आबा मिस्त्र्यांकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"रंगावरनं कळलं."

"मग बोललास का नाय?"

मिस्त्री तारेचं टोक घासत राहिले. "तुम्ही तिला ओरडला असता."

आबा पायरीवर बसले. बराच वेळ खांदा चोळला. मग उठून टोपी घातली. "अकराची बसव. मी तुझ्या शेठकडे जाऊन येतो. गावभर मीच बोललो, आता गिळायलाही मीच जातो."

त्यांची टोपी कुंपणापलीकडे गेली, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा मला पोटभर श्वास घेता आला.

मिस्त्र्यांनी सोड्याच्या पाण्यानं तारांची टोकं धुतली. मी वाटी धरली. अकराची खणात उतरली, वर चार बोटं जागा राहिली. पट्टी आवळली, टोकांना व्हॅसलीन लागलं.

"माझा वळेसर द्या," मी वाटीत बघत म्हटलं.

"जुन्या बॅटरीबरोबर निघेल ते गॅरेजचं. रिवाज आहे."

"वाळून गेला असेल."

"वास आहे अजून." दुसरी तार आवळून ते उठले. "बसा आत. पायाखालचं बटण दाबा."

"मी?"

"मारली तुम्ही, उठवा पण तुम्हीच."

मी पाय ठेवला... आणि मोटार एका दमात घुमली. आत्या धावत बाहेर आली. मी हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदम.

"उद्याची आगबोट?" मी आवाजाच्या आडून विचारलं.

"नव्या बॅटरीबरोबर लांज्यापर्यंत मिस्त्री नको का? आणि दर पंधरवड्याला बाटली कोण आणणार?" त्यांनी हात पुसले, पुन्हा पुसले. "की... बाटल्या असतात तिथंच तुम्ही याल? आबांना विचारू?"

मी मान हलवली. इंजिनाच्या हादऱ्यानं हलली असं त्यांना वाटू नये, म्हणून पुन्हा एकदा हलवली.

आबा परतले ते शेठना राजी करूनच. मिस्त्र्यांनी तिथंच, पक्कड हातात धरून विचारलं. आबांनी आधी मोटारीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घेऊन जा बाबा. इथं ठेवली तर हीपण बॅटरी मारेल."

टप्.

चिमा उठून बसली होती. बाटली न्यायला आलेले हे दारात थांबले होते. कधीचे, कोण जाणे.

"पण आई," चिमा म्हणाली, "बाबांनी सांगितलेलं ना, विहिरीचं घालू नको? मग लवूकाकाला धाडून बाटली नसती आणता आली? चुकून घातलंस की मुद्दाम?"

मी फडकं भिजवायला घेतलं. ते ओलंच होतं. दारातून हे काही हलले नाहीत. सात वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.