शेवटच्या रांगेतला हात

आमच्या हॉलमधला कार्यक्रम दुपारी चारला सुरू होतो आणि सहाच्या आत संपतो. सहानंतर घाटात धुकं उतरतं आणि खाली जाणारी शेवटची बस सव्वासहाला सुटते. कलाकारांनाही तीच बस. माणूस कितीही मोठा असो, साडेपाच वाजले की त्याचं लक्ष घड्याळाकडे. हवा खायला आलेले लोक तळ्याला फेरी मारतात, चहा पितात आणि आता करायचं काय म्हणून आमच्याकडे येतात. सीझनमध्ये दीडशे खुर्च्या भरतात. एरवी तीस-चाळीस माणसं अंगातला कोट न काढता बसतात.

मी तिथे एकवीस वर्षं साउंडचं काम करतो. हॉल बांधणाऱ्याने एक घोडचूक करून ठेवली आहे. साउंडची केबिन प्रेक्षकांच्या मागे हवी, म्हणजे त्यांना जे ऐकू येतं तेच आपल्याला ऐकू येतं. आमची केबिन रंगमंचाला लागून, बाजूच्या भिंतीत आहे आणि पुढे जाड काच. आत बसलं की सगळी माणसं समोरून दिसतात, पण त्यांच्यापर्यंत आवाज कसा पोचतोय ते कळत नाही. म्हणून हॉलमध्ये कुणालातरी कान म्हणून बसवावं लागतं.

तो कान म्हणजे ही. माझी बायको.

शेवटची रांग, मधल्या वाटेलगतची खुर्ची. करडा स्वेटर, मांडीवर पर्स. उजवा हात वर करून बोटं हलवली की आवाज वाढवायचा. हात आडवा केला की कमी करायचा. डोक्यावर हात ठेवला की सगळं ठीक. मॅनेजरने एकदा तिला विचारलं होतं, "वहिनी, सारखा डोक्याला हात का लावता?" ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून सवय लागलीय." त्यानंतर तो हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. कार्यक्रमाच्या पत्रकावर माझं नाव असायचं, तिचं कधीच नसायचं. मीही कधी घाला म्हटलं नाही.

केबिनमध्ये पायाशी हीटर असतो. तो लावला की काचेवर आतून वाफ धरते. मग बाहीने पुसून चेहऱ्याएवढा गोल करायचा आणि त्यातून बघायचं. दर पाच-दहा मिनिटांनी हेच.

गेल्या वर्षी सीझन संपता संपता एका गायिकेचा कार्यक्रम होता. बाई एकटीच, स्वतः पियानो वाजवत गाते. तिसऱ्या गाण्यात हिने हात वर केला. मी आवाज वाढवला. हात खाली आला नाही. मी आणखी वाढवला. गाणं संपलं, मध्यंतर झालं, दिवे लागले, माणसं उठली. ही उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, दहा मिनिटं आधी कुणाच्या लक्षात आलं असतं तर. वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. उरलेलं आपण घरी न्यायचं असतं.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. तिने एकच विचारलं. "बाबा, आईने कुणाला हाक नाही मारली? हात नाही केला?"

"काचेवर वाफ होती," मी म्हणालो. "मला काही दिसलं नाही."

हेच मी डॉक्टरांना आणि मॅनेजरला सांगितलं होतं. तिसऱ्या खेपेला जीभ अडखळलीही नाही.

महिन्याभराने कामावर गेलो. घरी भिंतींशी किती बोलणार? सगळ्यात आधी सुतळी घेतली आणि त्या खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवरून फेरे मारून ती बांधून टाकली.

"अहो, एक सीट कमी होतेय," मॅनेजर म्हणाला.

"चाळीस माणसांना दीडशे सीट आहेत. बसू देत कुठेही."

बायको गेलेल्या माणसाशी पहिले काही महिने कुणी वाद घालत नाही. तेवढाच फायदा.

पहिला कार्यक्रम एका म्हाताऱ्या कथाकाराचा होता. मी अंदाजानेच आवाज लावला. संपल्यावर तो मफलर गुंडाळत केबिनच्या दाराशी आला. "तुमच्या त्या बाई फार हुशार हो. मी जरा पुटपुटायला लागलो की हात वर. सांभाळून घेतलं मला."

"कोण बाई?"

"त्या मागच्या," तो म्हणाला. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला आणि तो धावला.

असेल कुणीतरी, मी मनाशी म्हणालो. कमी ऐकू येणारी, पुढे येऊन बसायचा कंटाळा असलेली. अशी माणसं असतात.

पंधरा दिवसांनी बोलक्या बाहुलीचा खेळ होता. माणूस चांगला होता, लोक हसत होते. अर्धा खेळ झाला आणि बाहुलीने मान वळवली.

"ओ मागच्या बाई! हात खाली घ्या. प्रश्न शेवटी!"

हशा झाला. सगळ्या माना मागे वळल्या, मग परत पुढे आल्या. हसणं थोडं कमी झालं होतं. मी काच पुसली. सुतळी जागेवर होती, खुर्ची रिकामी होती.

"अजून वरच आहे," बाहुली म्हणाली. "दुखत नाही का हो?"

आता कुणीच हसलं नाही. त्या माणसाने घाईघाईने विषय बदलला.

खेळ संपल्यावर मी रंगपटात गेलो. तो बाहुलीला पेटीत ठेवत होता.

"मघाशी कुणाला म्हणालात?"

"करडा स्वेटर होता. आधी मला वाटलं, गंमत करतायत. डावा हात असा सरळ वर. हलवत नव्हत्या." त्याने पेटीचं झाकण लावलं. "बऱ्या आहेत ना त्या? तोंड उघडं होतं त्यांचं."

"डावा?"

"डावा. उजव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता."

डाव्या हाताचं मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

हॉल रिकामा झाल्यावर त्या खुर्चीपाशी गेलो. सुतळी सुटलेली होती आणि सीटवर तिची लड ठेवलेली होती. माझी बायको केबल नेहमी पंजा आणि कोपर यांच्यात गुंडाळायची. वायरला पीळ पडतो म्हणून मी वीस वर्षं ओरडत आलो, तिने ऐकलं नाही. सुतळी तशीच गुंडाळलेली होती, शेवटचं टोक मधून ओवलेलं.

मी ती खिशात घातली. परत बांधली नाही.

मुलीचा फोन दर रविवारी येतो. "बाबा, सोडा आता ते काम. इकडे या."

"येतो."

"नेहमी येतो म्हणता." मग दर वेळचा प्रश्न, "वाफ होती ना, बाबा, काचेवर?"

"होती."

"मग ठीक. एकदा ऐकलं की माझा आठवडा जातो."

नवा सीझन सुरू झाला आणि ती गायिका परत आली. पियानो तपासायला दोनलाच आली होती. तपासून झाल्यावर केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. आत या म्हटलं तर आली नाही.

"मागच्या वेळी कुणाला तरी चक्कर आली, एवढंच मला सांगितलं होतं. खरं नंतर कळलं," ती म्हणाली. "आधी कळलं असतं तर बस सोडली असती."

"हं."

"मी पाहिलं होतं त्यांना. तिसऱ्या गाण्यात. हात वर होता. मी थांबणारच होते."

"मग?"

"आवाज वाढला ना. मला वाटलं, तुमचं लक्ष आहे. म्हणून मी गात राहिले." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही बाहीने काच पुसलीत, तेही दिसलं होतं मला."

ती मला दोष द्यायला आली नव्हती. माझ्याकडे माफी मागायला आली होती. मी म्हणालो, "तुमची काही चूक नाही." हे मात्र खरं होतं.

मी काच पुसली होती. नीट पाहिलं होतं. हात डावा होता, बोटं हलत नव्हती, तोंड उघडं होतं. पण त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं. ती म्हणाली होती, "तुम्हाला हल्ली ऐकू येत नाही. आवाज पडला तरी कळत नाही आणि हात वर करून करून माझा खांदा दुखतो. कान दाखवा डॉक्टरला." मी म्हणालो, "या कानांवर घर चाललंय." मग दिवसभर तिच्याशी बोललो नाही. तिचा हात वर गेला तेव्हा मला वाटलं, ही दाखवतेय. चारचौघांत दाखवतेय, नवरा बहिरा झालाय म्हणून.

मी बटण वर सरकवलं. "घे," मी केबिनमध्ये एकटाच म्हणालो. "ऐक आता." हात खाली येईना, तेव्हा आणखी सरकवलं.

मी तिच्याशी बोललेले ते शेवटचे शब्द.

गायिका माफी मागून गेली, त्याच दिवशी चारला मी आवाज लावून ठेवला, हीटर चालू ठेवला, केबिनला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"केबिन सोडून कुठे?" मॅनेजर म्हणाला.

"आज कान होऊन बसतो."

"वा! मग डोक्यावर हात ठेवायला विसरू नका." बोलून गेल्यावर त्याचा चेहरा पडला. मी त्याला सोडवलं नाही.

तिच्या खुर्चीत बसलो. लाकूड थंडगार होतं. गायिकेने पहिलं गाणं सुरू केलं आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला तिथून ऐकू आलं.

आवाज कमी होता. शब्द पोचत नव्हते. ही बरोबर होती.

दुसरं गाणं झालं. तिसरं सुरू झालं.

आधी डावा खांदा जड झाला. मग छातीवर कुणीतरी गुडघा ठेवल्यासारखं झालं. श्वास आत जाईना. उजव्या हाताने मी दांडा धरला. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

पुढच्या माणसाची मान दिसत होती. लोकरीची टोपी होती. तो वळला नाही.

माझा डावा हात वर गेला.

केबिनची काच वाफेने पांढरी झाली होती. त्या पांढऱ्यात आतून काहीतरी हललं. करडी बाही होती. ती गोल गोल फिरली आणि काच स्वच्छ झाली.

तिने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं.

आवाज वाढला.

मी हात आणखी ताणला.

आणखी वाढला.

गायिकेची नजर माझ्यावर आली. तिची बोटं पियानोवर अडखळली. मग आवाज वाढलेला तिला जाणवला, आणि ती गात राहिली.

गाणं संपलं. टाळ्यांमध्ये माझा श्वास परत आला. काचेतल्या गोलात कुणी नव्हतं.

सगळे गेल्यावर मी केबिन उघडली. कुलूप जसंच्या तसं होतं. टेबलावरची बटणं मी ठेवली होती तिथेच होती. फक्त काचेवर तो गोल होता. माझा गोल माझ्या डोळ्यांच्या उंचीला असतो. हा चार बोटं खाली होता. ही माझ्यापेक्षा ठेंगणी.

रविवारी हॉल बंद असतो. तरी मी सकाळी जाऊन केबिनमध्ये बसलो. तासभर हीटर लावून ठेवला. काच कडेपासून कडेपर्यंत पांढरी झाली, तेवढी जागा सोडून. तिथे आता वाफ धरत नाही.

फोन वाजला. इकडचं तिकडचं झालं. मग मुलीने विचारलं, "वाफ होती ना, बाबा?"

"नव्हती," मी म्हणालो.



"बाबा? तुमचा आवाज येत नाहीये."

मी मान वाकवून गोलातून बाहेर पाहिलं. हॉलमध्ये अंधुक उजेड होता. शेवटच्या रांगेत हात वर होता. या वेळी उजवा, आणि बोटं हलत होती.