चौघांचा दोर

नदीच्या उगमाशी असलेल्या तळ्यात तीन वर्षांपूर्वी पाण्याची पातळी नोंदवणारी पेटी बसवली होती. ती काढून आणायला आम्ही पाच जण निघालो: प्रमुख मोजणीसाहेब, एक डॉक्टर, एक स्वयंपाकी, सामान वाहणारा मी आणि नाव सांभाळणारे माझे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याच शब्दावर मला हे काम मिळालं होतं. निघताना ताईने बजावलं, "पाण्यात त्यांच्याकडे लक्ष ठेव." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

घळीत पाण्याला इतका जोर की वल्ही कुचकामी! भावजी नावेत उभे राहून बांबूने ती खडकांपासून दूर ठेवत, आणि आम्ही चौघे काठाकाठाने दोर ओढत असू. त्यांची एक जुनी रीत होती. दोराला प्रत्येकाचा वेगळा पट्टा, तो खांद्यावर घ्यायचा. ज्याचा पट्टा ढिला पडे, त्याच्या नावाने शंख!

"डॉक्टर, जेवलात ना? मग ओढा की!"

"साहेब, दोराला नुसते टेकलात काय?"

पहिले तीन दिवस आम्ही त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण झपाट्याने वर चढलो.

चौथ्या दिवशी साहेबांचा पारा चढला. "हा आरडाओरडा बंद! पट्टेही नकोत. आपण काय बैल आहोत? सगळ्यांनी मिळून दोर धरायचा." खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

त्यानंतर आठ्या सगळ्यांच्या कपाळावर, घाम मात्र कुणालाच नाही. रोजचं अंतर निम्म्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, प्रवाह वाढलाय. साहेब म्हणाले, नाव जड झालीय. शिधा रोज संपत असताना नाव जड कशी होईल, हे विचारायला कुणाची जीभ रेटली नाही. मीही मान डोलावली. असा आमचा बारभाईंचा कारभार!

सातव्या दिवशी शेवटचा चढ आला. वर तळ्याचा काठ दिसत होता!

"ओढा!" साहेब गरजले.

आम्ही ओढलं. म्हणजे मी दातओठ खाल्ले, मागे झुकलो, मोठ्याने कण्हलो. माझ्यापुढे तिघे दणकट गडी होतेच. नाव थरथरली. थांबली. मागे सरकली! दोर तळहात सोलत निसटला. नाव खडकावर आडवी आपटून फुटली! भावजी पाण्यात! फुटकी नाव आणि खडक यांच्या मधे त्यांचा पाय अडकला. डोकं वर आलं, बुडालं, पुन्हा वर आलं.

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी स्वयंपाक्याकडे. असा किती वेळ गेला, ते आठवायची आजही माझी छाती होत नाही.

मग मी उडी मारली. खांदा लावला आणि ती अर्धी नाव एकट्याने उचलली. माझ्या अंगात किती जोर होता, ते मला त्या क्षणी कळलं. आजही त्या जोराची मला किळस येते.

पेटी तळ्यातच राहिली. जेमतेम अर्धा कोस उरला होता. "माणूस आधी," साहेब म्हणाले, आणि पूर्ण मोहिमेत पहिल्यांदाच शहाण्यासारखं वागले. भावजींना झोळीत घालून खाली आणायला पाच दिवस लागले. एकाने खांदा काढला तरी झोळी कलंडायची, म्हणून कुणीच काढला नाही.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अहवालात साहेबांनी लिहिलं, 'सर्वांनी शर्थीचे प्रयत्न केले.' खाली चार सह्या आहेत, माझीही.

महिन्याभराने रुग्णालयात गेलो. ताई औषधं आणायला बाहेर गेली, तेव्हा न राहवून विचारलं, "भावजी, दोर ढिला पडतोय हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"न कळायला काय झालं? तिघे नुसते लोंबत होते दोराला."

"मग ओरडला का नाहीत?"

त्यांनी पांघरूण सारखं केलं.

"म्हटलं, जाऊ दे त्या तिघांचं. तू ओढतोयस ना."