डावीकडचा तंबोरा

हरी, ती खिडकी लावून घे. वारा आहे म्हणून नव्हे, गोष्ट चालू असताना उगाच कोणाची नजर बाहेर जायला नको. आणि मधेच ‘मग काय झालं’ असं कोणी विचारायचं नाही.

ही हकिकत त्रिविक्रमची. विमानांच्या कारखान्यात नकाशे काढायचा, माझा जिवाभावाचा दोस्त. थापा मारायला लागते ती कल्पनाशक्ती त्याच्याकडे औषधालाही नव्हती, म्हणून तर माझा विश्वास बसला.

एकोणीसशे एकसष्टची कोजागिरी. मल्लेश्वरममधल्या आपल्या मराठी मंडळींनी दरसालप्रमाणे गाणं ठरवलं होतं. त्या वर्षी त्रिविक्रमच्या डोक्यात खूळ शिरलं, की गाणं चित्रांच्या मधोमध व्हायला हवं. आठव्या क्रॉसला, म्हणजे आठव्या आडव्या रस्त्याला, एका शौकीन गृहस्थांनी आपल्या राहत्या घराची चित्रशाळा केली होती. ते वारल्यावर तिथे फक्त राखणदार देवाप्पा असायचा. त्रिविक्रम दुपारी सायकलवर जाजमं लादून तिथे पोचला. अंगणात दुधाची चूल मांडली, आणि पाठीमागच्या भिंतीवर सगळ्यात मोठं चित्र होतं त्याच्यासमोर बैठक घातली.

गाणार होती शालन, मल्हाररावांची मुलगी. पहिलीच मैफल. मल्हाररावांनी त्रिविक्रमला बजावून ठेवलं होतं, “तू एवढा गळ्यात पडलास म्हणून ऐकतो. गळ्यात काही दिसलं तर धारवाडला शिकायला पाठवीन. नाहीतर उद्याच मिरजेच्या स्थळाला होकार कळवतो. मग पुन्हा विषय काढायचा नाही.” माणूस दिल्या शब्दाचा पक्का, दोन्ही बाजूंनी. पोरगी आठवडाभर धड जेवली नव्हती.

संध्याकाळी अडचण आली ती तंबोऱ्याची. दोन तंबोरे हवे होते. एक घेऊन हेमलता आली. दुसरा प्रेमा आणणार होती, हेब्बाळहून. तिचा पत्ता नाही. त्या मोठ्या चित्राखाली एक तंबोरा उभा होता. देवाप्पा म्हणाला, “घ्या की अण्णा. स्वल्प जपून, एवढंच. अंबूबाईंचा आहे तो.”

चित्रातली बाई तीच. चित्रशाळेच्या मालकांची धाकटी बहीण. थोरली मोठी गवई होती आणि अंबूबाई जन्मभर तिच्या मागे तंबोऱ्यावर बसली. आता तुम्हा पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. गाणाऱ्याला दम घ्यायचा असला की तो मागे हात करतो, आणि तंबोऱ्यावरचा माणूस तेवढा सूर धरून ठेवतो. खूण झाली नाही तर त्याने तोंड उघडायचं नाही, अशी रीत आहे. थोरलीने कधी मागे हात केला नाही. अंबूबाईंचा आवाज कसा होता, ते ऐकलेलं एकही माणूस उरलं नव्हतं.

त्रिविक्रमने तो तंबोरा लावला. बाकी ठीक, पण आवाज बसलेला. प्रेमा येईलच म्हणून त्याने तो शालनच्या मागे डाव्या हाताला आडवा ठेवला. लावलेला तंबोरा, आणि रिकामी जागा. त्या वेळी कोणाला काही वाटलं नाही.

चंद्र वर आला. दिवे मालवले, कोपऱ्यात एकच समई ठेवली. शालनने बागेश्री धरला.

सुरुवात कापरी होती. मल्हारराव मांडीवर बोटं आपटत बसले होते, तालात नव्हे. त्रिविक्रम बाजूच्या खांबाला टेकून घामाघूम झाला होता. पोरीचा आवाज मध्यमावर जाऊन अडखळला. पुन्हा गेली, पुन्हा अडखळली.

तेवढ्यात मागचा झंकार भरला. दोन्ही तंबोरे वाजत असावेत असा. त्रिविक्रमला हायसं वाटलं. आली एकदाची प्रेमा!

शालनलाही तसंच वाटलं असणार. तिने मान न वळवता डावा हात मागे केला. ‘घ्या’.

आणि मागून आवाज आला.

काय आवाज म्हणायचा तो... इतकी वर्षं तोंड मिटून ठेवलेला. लोक ताठ बसले. कोणीतरी ‘अहाहा’ म्हणालं. मल्हाररावांची बोटं थांबली. अंधुक उजेडात सगळ्यांना वाटलं, शालनच गातेय.

त्रिविक्रम बाजूला होता. त्याला तिचं तोंड दिसत होतं.

ओठ मिटलेले होते.

त्याने मागे पाहिलं. हेमलता उजवीकडे, डोळे मिटून वाजवत होती. डावीकडे... कोणी नव्हतं. तंबोरा जाजमावर आडवाच. तारा थरथरत होत्या. एकेक करून. क्रमाने.

आवाज तंबोऱ्याच्या वरून येत होता. बसलेल्या माणसाचं तोंड असतं तिथून.

त्रिविक्रमला ओरडायचं होतं. भिंतीवरच्या चित्राकडे बघायची हिंमत झाली नाही.

आवाज चढत गेला. वरच्या निषादावर आला. थांबला.

षड्ज लावायचा राहिला.

शालनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती मागे पाहत नव्हती. कोणी हलेना. तबलजीचा हात तसाच वर...

मागून काहीच आलं नाही. वाट बघणं चाललं होतं.

मग शालनने तोंड उघडलं आणि तो षड्ज लावला. स्वतःचा. कोवळा, पण सरळ, न कापणारा. बरोबर समेवर.

गाणं संपल्यावर मल्हारराव उठले. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत एवढंच म्हणाले, “मिरजेला नकार लिहितो.”

दूध वाटताना शालनने त्रिविक्रमला गाठलं. “काका, मधे मी गात नव्हते. बाबांना सांगू?”

“शेवटचा सूर कोणाचा होता?”

“माझा.”

“मग त्यांनी त्याच्यावरच हो म्हटलंय. तू धारवाडला जा.”

प्रेमा आलीच नव्हती. हेब्बाळची बस वाटेत बंद पडली, ती परत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिविक्रम तारा उतरवायला गेला. तंबोऱ्याचा आवाज उघडण्यासाठी, तारा टेकतात त्या घोडीवर प्रत्येक तारेखाली दोरा सरकवतात. त्या तंबोऱ्याला दोरे नव्हते, तंबोरा त्याने स्वतः लावला होता, त्याला पक्कं ठाऊक. आता चारही तारांखाली एकेक दोरा होता. सुती नव्हे, रेशमी. मोरपंखी रंगाचा.

तो तडक मल्हाररावांच्या घरी गेला. शालन रात्रीची साडी उन्हात वाळत घालत होती. मोरपंखी. पदराची कड तिने त्याच्यापुढे धरली. गाताना तो पदर तिच्या डाव्या खांद्यावरून मागे जाजमावर पसरलेला होता.

कडेचे चार धागे कोणीतरी ओढून घेतले होते. हळूच, कापड जराही न चुरगाळता.