हेगर फ्रिपचा चेहरा

आमच्या गावातल्या समित्यांना मेलेले काळे लोक फार आवडतात. मेलेली माणसं सभेत उलटून बोलत नाहीत. अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या या गावात निम्म्या घरांतली बाळंतपणं, गोऱ्यांचीसुद्धा, हेगर फ्रिप नावाच्या सुईणीनं केली. शंभर वर्षं तिची कुणाला आठवण झाली नाही. यंदा अचानक झाली आणि तिचं भलंमोठं तैलचित्र रंगवायचं काम माझ्याकडे आलं.

"जरा प्रसन्न दिसू दे हं, लूशियस," समितीच्या मिसेस ग्रिम्बल म्हणाल्या. "बघणाऱ्याला उगाच अपराधी वाटायला नको."

हेगरचा एकही फोटो नव्हता. अशा वेळी आम्ही चित्रकार घराण्यातल्या कुणाला तरी समोर बसवतो, म्हणजे हाडांची ठेवण तरी मिळते. तिची नात ओडेसा, चर्चमधली सर्वांत वडीलधारी म्हणून सगळ्यांची 'मदर', वय शहाण्णव, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. पण मला कंटाळा आला. मी मासिकातल्या एका मॉडेलचा चेहरा उचलला आणि म्हातारीला ठोकून दिलं, की जुन्या कागदपत्रांत तुझ्या आजीचा फोटो सापडला.

ती रडली. "तिला कधी बघितलंच नाही रे पोरा. तेवढ्यासाठी तर थांबलेय."

मंगळवारी चित्र पूर्ण झालं, तेव्हा हेगर थेट माझ्याकडे बघत होती. बुधवारी तिची नजर खिडकीकडे होती. मी उन्हाला दोष दिला आणि डोळे पुन्हा रंगवले. गुरुवारी एकच गाल दिसत होता. शुक्रवारी फक्त डोक्याला बांधलेल्या फडक्याची मागची गाठ. मिसेस ग्रिम्बल आल्या, चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, काय गोड हसतेय!"

या बाईला चित्रातलं काही कळत नाही, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. त्या दिवशी मात्र मी मान डोलावली.

रविवारी दुपारी चर्चमध्ये अनावरण झालं. उकाडा मरणाचा. आमच्याकडे बाकांवर लाकडी काडीचे, पुठ्ठ्याचे हातपंखे ठेवतात. या खेपेला त्यांवर हेगरचं चित्र छापलं होतं. मी व्यासपीठावर, लोकांकडे तोंड करून बसलो होतो. समोर दोनशे पंखे हलत होते. दोनशे गाठी.

पहिल्या बाकावरून मदर ओडेसानं विचारलं, "तो फोटो आणलास का रे? शेजारी धरून बघते."

आता तरी खरं बोलावं, असं वाटलं. मला माझीच किळस आली.

"हरवला, मदर," मी म्हणालो. "पण ती अगदी अशीच होती."

पंखे थांबले. सगळे, एकदम.

"मग हीच माझी आजी," म्हातारी म्हणाली आणि तिनं त्या पुठ्ठ्याचा मुका घेतला. नऊ दिवसांनी ती समाधानानं गेली.

चित्र आता नगरपालिकेत आहे. मी तिकडे फिरकत नाही.

काल माझ्या लेकीचा वाढदिवस होता. केक कापताना ती माझ्याकडे बघून हसली, तेव्हाच मी फोटो काढला. फोटोत तिच्या पाठीवरच्या वेण्या आल्या आहेत.

बायको म्हणते, डोळे किती छान आलेत.