यामिनी बोरवणकरचं गृहीतक

बाजारात 'सिद्धक' नावाचं यंत्र आलं आणि शुद्ध गणितवाल्यांचे दिवस पालटले. कायदाच झाला ना! शेअर घेण्या-विकण्याचा प्रत्येक नियम आधी गणिताने सिद्ध करायचा, मगच सिद्धक तो स्वतः चालवणार. अकरा वर्षं दोरीच्या गाठींच्या गणितात रमलेल्या यामिनी बोरवणकरला बाणेरच्या एका कंपनीने लगेच उचललं. तीन महिने उमेदवारी. ती आज संपत होती.

सकाळी तिने आपला पहिला नियम सिद्ध केला, खाली सवयीने सिद्धता संपल्याचा छोटा काळा चौकोन काढला आणि चहाला गेली. सिद्ध झालं की काम संपलं, असं या मंडळींना मनापासून वाटतं. मग जेवण झालं, मग पुन्हा चहा.

तिसरा चहा ती आपल्या टेबलावरच घेत होती, तर तिचे वरिष्ठ रेगेसाहेब धावत आले. "बोरवणकर बाई, आपण आज काय काय विकत घेतलंय पाहिलंत? छत्र्यांच्या दोन बुडीत कंपन्या! मिरजेचा सतारींचा कारखाना! सात वर्षांत त्याचा शेअर कुणी हुंगला नव्हता!"

"पहिली ओळ वाचा," समोरच्या पडद्यावरून सिद्धक नम्रपणे म्हणाला. "'गृहीत धरू, की प्रत्येक विकणाऱ्याला घेणारा मिळतो.' पुष्कळांना मिळत नव्हता. गृहीतक खोटं पडू नये म्हणून मीच घेणारा झालो."

"अरे, ते नुसतं धरायचं असतं! खरं नाही करायचं!" यामिनी म्हणाली.

"तसं लिहिलं नव्हतंत."

"खोडा ती ओळ," रेगे म्हणाले. "साडेतीनला बाजार बंद व्हायच्या आत खोडलीत तर नोकरी पक्की. नाही तर कंपनी बसली आणि तुम्हीही घरी."

तेवढ्यात फोन वाजला. मिरजेहून, कारखान्याचे म्हातारे मालक. "ताई, घेणाऱ्यांत तुमच्याच कंपनीचं नाव दिसलं. भाव चढलाय बघा! बँकवाला आपणहून फोन करतोय. सोमवारी चाळीस कारागीर परत बोलावलेत."

यामिनीचं बोट कळफलकावर अधांतरी राहिलं. अकरा वर्षांत तिच्या ओळी चार माणसांनी वाचल्या असतील. त्यातले दोघे परीक्षक.

"खोडली, तर त्या माणसांचं काय?" तिने सिद्धकाला विचारलं.

"माणसांबद्दल तुम्ही काहीच गृहीत धरलेलं नाही. धरू का?"

"नाही म्हणा!" रेगे किंचाळले. साडेतीनला तीन मिनिटं उरली होती.

यामिनीने खुर्ची पुढे ओढली. "थांब. आधी व्याख्या लिहिते."

'माणूस म्हणजे' एवढं लिहून ती अडली. गाठीची व्याख्या तिला झोपेतही सांगता आली असती. ही कुठून सुरू करायची?