सात नंबरचा दरवाजा

हे खरं घडलंय. पटवून द्यायला मी बसलेलो नाही.

१७ मार्च १९९८, दुपारचे सव्वादोन. इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या सपाट मुलखातलं आमचं पंप हाऊस.

कालव्याचे लोखंडी दरवाजे माझ्या सोबत्याने, ॲल्विनने, फोर्थ या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामवर चालायचे. फोर्थ आकडे ताटांसारखे एकावर एक रचते, त्या चळतीला स्टॅक म्हणतात. आज्ञा दिली की ती वरची ताटं उचलते आणि पडद्यावर 'ओके' उमटतं.

दरवाजाखाली उतरण्याआधी स्टॅक रिकामा आहे ना ते बघायचं, हा ॲल्विनचा नियम.

मग आमच्या साहेबाला, क्लाइव्हला, पडद्यावर बटणांची खिडकी हवी झाली. त्यासाठी बाहेरची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार प्रोग्रामांचा संच, फोर्थला जोडायची होती. ती किती आकडे उचलते, किती परत ठेवते, हे तपासायला ॲल्विनने आठवडा मागितला.

क्लाइव्हने दोन दिवस दिले.

तिसऱ्या दिवशी, ॲल्विन खाली उतरलेला असताना, लायब्ररीने स्टॅकवर एक जादा सात ठेवला. पुढच्या आज्ञेने तो दरवाजाचा नंबर समजून उचलला, आणि सात नंबरचा दरवाजा ॲल्विनवर कोसळला. तो जागीच गेला.

अपघाताच्या अहवालात चूक ॲल्विनची ठरली. खाली माझीही सही आहे. नोकरी जाईल म्हणून घाबरलो होतो.

सहा महिन्यांनी क्लाइव्हने खिडकी पुन्हा सुरू करायला लावली. या वेळी लायब्ररीचं प्रत्येक फंक्शन मी स्वतः तपासलं. मग त्या १७ मार्चला सातच्या खाली गाळ काढायला उतरायचं होतं. नियमाप्रमाणे स्टॅक पाहिला...

सात.

पुसला. पुन्हा पाहिला...

सात.

रागाने ती लायब्ररीच काढून टाकली. आता फक्त ॲल्विनचा जुना प्रोग्राम उरला होता.

तरीही... सात.

"ट्रेवर, नखरे पुरे. उतर खाली," क्लाइव्ह म्हणाला.

"तुम्हीच उतरा ना. त्याला आठवडा दिला नाहीत, आणि दोष मात्र त्याच्या माथी मारलात."

"सही तुझीही आहे."

पंपांचा आवाज अचानक थांबला...

कीबोर्डवर एक कळ वाजली. आम्ही दोघंही त्याच्यापासून चार हात लांब होतो.

दरवाजा धाडकन खाली आला. मी जिथे वाकलेलो असतो, बरोबर तिथे.

पडद्यावर उमटलं, ओके. स्टॅक रिकामा होता.

क्लाइव्ह म्हणाला, वायरिंगचा दोष. वायरमनला काही सापडलं नाही.

सही मागे घेतो असं मी दोनदा लिहून कळवलं. उत्तर नाही. अहवालात ॲल्विन अजून दोषीच आहे.

आणि तरी त्याने मला वाचवलं. माझ्यासारख्याला. का, ते कळत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.