चौऱ्याऐंशी मिलिमीटर

साहेब, तुम्हाला माहीत होतं. तपासणीच्या टेबलामागे बसून तुम्ही आमच्या गाडीच्या कागदावर पाच वेळा 'नियमात बसते' असा शिक्का मारलात, आणि पाचही वेळा तुम्हाला माहीत होतं.

मी मेकॅनिक. रेसला गाडी ताई चालवते. जुनी गाडी घेतली, शेडमध्ये आणली आणि पहिलं काम काढलं ते इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगचं. हौशी वर्गाचा नियम तुमचाच: माउंटिंगचं रबर बदला, इंजिनाची जागा बदलायची नाही. जुनं रबर हॅकसॉनं कापलं तर आतून ओलं. बंद पडलेल्या फ्रिजमध्ये आठवडाभर राहिलेल्या मांसासारखा वास. तेल मुरलं असेल म्हटलं, फेकून दिलं आणि ॲल्युमिनियमचे भरीव ठोकळे बसवले.

इंजिनाच्या पाठीपासून ड्रायव्हरपुढच्या पत्र्यापर्यंत चौऱ्याऐंशी मिलिमीटर. तुम्ही मोजलंत आणि बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढलीत. बोल्ट कुणी फिरवला की रेघ तुटते, चोरी सापडते.

पहिल्या रेसनंतर एक्क्याऐंशी. दुसरीनंतर पंच्याहत्तर. रेघ शाबूत. एकही पाइप ताणलेला नाही, गिअरचा दांडा वाकलेला नाही.

"इंजिनाला पाय फुटले का रे?" ताई हसली. "शहाण्या, पट्टी बदल तुझी."

पट्टी बदलली. तिसरीनंतर सहासष्ट.

ठोकळ्यांखालून पिवळट, चिकट काहीतरी झिरपायला लागलं होतं. साबण झाला, रॉकेल झालं, हाताचा वास जाईना. घास तोंडाशी नेला की परत ताटात ठेवायचो. गाडीतून उतरून ताई चालायला लागली की तिचे बूट चपचप वाजायचे.

चौथ्या रेसनंतर मीच म्हणालो, "साहेब, इंजिन सरकलंय. आम्हाला बाद करा."

कुठला मेकॅनिक असं म्हणतो? तुम्ही वर बघितलंही नाहीत. ठोकळ्याखाली बोट घातलंत, रुमालाला पुसलंत आणि रुमाल कचऱ्याच्या डब्यात टाकलात. कागदावर लिहिलंत, अठ्ठेचाळीस. मग शिक्का.

"अहो, जागा बदलली ना?"

"बदलली कुणी? रेघ शाबूत आहे. चला, पुढची गाडी."

त्याच दुपारी मी साखळीनं इंजिन बाहेर काढलं. सीट सोडवली तर खाली मागच्या मालकाचे तपासणीचे कागद. चौऱ्याऐंशी. एक्क्याऐंशी. पंच्याहत्तर. सहासष्ट. अठ्ठेचाळीस. एकवीस. शून्य. अक्षर तुमचं. शून्यावरही शिक्का, 'नियमात बसते'.

कागदावरच्या नंबरावर फोन केला. मालकाच्या बायकोनं उचलला. ते कुठे भेटतील, विचारलं.

"गाडी नेलीत ना तुम्ही?" ती म्हणाली. "मग मला काय विचारता?"

फोन ठेवला तिनं.

इंजिन मी जमिनीत बोल्ट गाडलेल्या स्टँडवर चढवलंय. ताईची शेवटची रेस बुडाली. बुडू दे, पाय तरी राहिले. भंगारवाल्याला बोलावलं, तर त्यानं इंजिनाला हात लावला, हात हुंगला आणि निघून गेला.

शेड अरुंद. स्टँडला लागूनच भिंत, भिंतीपलीकडे ताईचा पलंग. ठेवताना मोजलं नव्हतं. नंतर इंजिनापासून भिंतीपर्यंत मोजलं.

चौऱ्याऐंशी.

"ताई, दुसऱ्या खोलीत झोप."

"तुझं ऐकून एक रेस घालवलीय मी. पुरे."

रोज सकाळी मोजतो, तेच आकडे. आज एकवीस. स्टँडचे बोल्ट जागच्या जागी.

ताई चहा घ्यायला आली. अनवाणी होती.

पावलं चपचप वाजत होती.

साहेब, शून्य लिहिलंत त्या दिवशी सीटवर काय होतं? उद्याच्या आत उत्तर द्या.